जुन्या फियाटला पॉवर डिस्क ब्रेक बसवावेत का?

प्रश्न: माझ्या वडिलांनी घेतलेली १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट मी गेल्या वर्षी पुन्हा चालती केली. इंजिनाचे काम झाले, रंगही झाला. आम्ही साताऱ्यात राहतो आणि महिन्यातून एक-दोनदा सहकुटुंब पाचगणीला जातो. दिवाळीत पसरणी घाट उतरताना निम्म्या वाटेवर जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला गेले. हँडब्रेकच्या आधाराने गाडी बाजूला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा वर आले. एरवीही जोरात ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. आमचे मेकॅनिक म्हणतात, पुढच्या चाकांना आजच्या छोट्या गाडीचे डिस्क आणि बूस्टर बसवून पॉवर ब्रेक करून टाकू. खर्च पस्तीस-चाळीस हजार येईल. करावे का? गाडीचे मूळ स्वरूप जाईल का? आरटीओची अडचण येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आहेत ते ब्रेक पूर्ण दुरुस्त होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका, आणि कुटुंबाला घेऊन तर मुळीच नेऊ नका. पेडल एकदा तळाला गेले आणि नंतर वर आले, याचा अर्थ दोष निघून गेला असा होत नाही. तो तसाच आहे आणि पुढच्या उतारावर पुन्हा समोर येईल.

तुमच्या मेकॅनिकांची सूचना चुकीची नाही, पण त्यांनी क्रम उलटा लावला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबून थांबवणारे) असल्यामुळे आलेली नाहीत. ड्रम ब्रेक नीट नसल्यामुळे आलेली आहेत. डिस्क बसवले की पुढचे सगळे भाग नवे येतात, त्यामुळे लक्षणे काही दिवस नाहीशी होतात आणि श्रेय डिस्कला मिळते. मागच्या चाकांतले जुने सिलिंडर, जुन्या रबरी नळ्या आणि गंजलेले पाइप मात्र तिथेच राहतात, आणि आता त्यांना बूस्टरने वाढवलेला दाब सोसावा लागतो.

घाटात ब्रेक गेला की तो कसा गेला हे पेडलच सांगते. पेडल घट्ट आणि वरच आहे, पण कितीही जोर दिला तरी गाडी थांबत नाही, तेव्हा लायनिंग (शूवरचा घासणारा थर) तापून त्याची पकड गेलेली असते. पेडल खाली जाते, पण दोन-तीनदा पंप केले की वर येऊन घट्ट लागते, तेव्हा ड्रम तापून फुगलेला असतो आणि शूंना त्याच्यापर्यंत पोहोचायला जास्त अंतर कापावे लागते. ॲडजस्टमेंट आधीच सैल असेल तर हे फार लवकर होते. आणि पेडल स्पंजासारखे दबत तळाला जाते, पंप करूनही नीट उभे राहत नाही आणि गाडी निवल्यावर आपोआप पूर्ववत होते, तेव्हा चाकातल्या सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल उकळलेले असते. ऑइल दाबले जात नाही, पण त्याची वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ती वाफ आवळण्यातच संपतो. तुमचे वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी सर्वांत जास्त जुळते. पत्रात इंजिनाचा आणि रंगाचा उल्लेख आहे, ब्रेक ऑइल बदलल्याचा नाही, हेही मला बोलके वाटते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलची हमी १४० अंशांपर्यंतच असते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल याहून वाईट अवस्थेत असू शकते. हेच ऑइल ठेवून डिस्क बसवले, तर ते अधिक लवकर उकळण्याची शक्यता असते, कारण कॅलिपरमध्ये (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागात) पिस्टन थेट पॅडच्या पाठीला टेकलेला असतो आणि पॅडची उष्णता सरळ त्याच्यामागच्या ऑइलमध्ये जाते.

पसरणी घाटात ब्रेकवर काय बेतते याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. पाचगणी ते वाई हा उतार साधारण पावणेसहाशे मीटर उंचीचा आहे. तुमची गाडी रिकामी ९०० किलोंच्या आसपास भरते. चार माणसे आणि सामान धरून साडेअकराशे किलो म्हणू. एवढे वजन तेवढ्या उंचीवरून सावकाश खाली आणताना जी ऊर्जा कुठे तरी मुरवावी लागते, तिने वीस लिटर थंड पाण्याला उकळी येईल. यातला जितका वाटा इंजिन उचलेल तितका ब्रेकवरचा भार कमी होतो, म्हणून ज्या गिअरमध्ये हा घाट चढता त्याच गिअरमध्ये तो उतरला पाहिजे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, काही जणांना तर इंजिनच बंद करण्याची सवय असते. तुमच्या घरात ती कोणाला असेल तर डिस्कचा विचार करण्याआधी ती मोडा. पॉवर ब्रेकच्या गाडीत ती सवय का जास्त घातक आहे, ते पुढे सांगतो.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू सहसा नीट धरत असते. दोष बहुधा उजव्या पुढच्या चाकात असतो. तिथला व्हील सिलिंडर गंजून अडकला आहे का, सिलिंडर गळून किंवा हबचे ग्रीस येऊन लायनिंग माखले आहे का, दोन्ही बाजूंचे लायनिंग एकाच प्रतीचे आहे का, हे ड्रम काढल्याबरोबर दिसेल. न दिसणारे कारण म्हणजे रबरी नळी. पन्नास वर्षांची नळी बाहेरून ठीक दिसते, पण आतून फुगून तिचे भोक बुजत येते. मग ऑइल चाकाकडे सावकाश जाते आणि परत यायला त्याहून सावकाश येते. अशी नळी तपासत बसू नये, सरळ बदलावी.

हे काम करून घेताना कंजुषी नको. चारही व्हील सिलिंडर आणि पेडलच्या जोराने सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर उघडून आतल्या भिंतीवर खड्डे पडले असतील तर नवे घ्या. खड्डे पडलेल्या सिलिंडरला नवे रबर घातले तरी ते काही महिन्यांत कापले जाते. सगळ्या रबरी नळ्या नव्या घ्या. लोखंडी पाइप गंजले असतील तर गॅरेजमध्ये सहज मिळणारा एसीचा तांब्याचा पाइप वापरू देऊ नका; तो वळवायला सोपा असतो, पण कंपनाने कडक होऊन चिरतो. ड्रम लेथवर टर्निंग करून घ्या, आणि नवे लायनिंग ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकते का ते खडूने पाहा: ड्रमला आतून खडू लावून शू त्यावर घासला की लायनिंगवर जिथे पांढरे उमटते तेवढाच भाग काम करतो. केवळ मधोमध पट्टा उमटला तर तो शू अजून बसलेला नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. ही सूचना कामगाराच्या फुप्फुसांसाठी आहे आणि ती तुम्हीच आग्रहाने पाळायला लावली पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी कोणी लावत नाही. शेवटी डॉट ४ ऑइल भरून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढा आणि पुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

टायरही पाहा. त्याच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षांपूर्वीचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी काढून टाका. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरवर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते, कडक झालेल्या टायरवर तीच २८ मीटर घेऊ शकते. चाक लॉक करण्याइतका जोर दुरुस्त ड्रममध्येही असतो. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबायची ते रस्ता आणि टायर ठरवतात. त्यामुळे सपाट रस्त्यावर एकदा कचकन थांबवण्याच्या बाबतीत डिस्क तुम्हाला फार काही देणार नाहीत.

त्यांचा खरा फायदा उष्णतेचा आहे. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर निवते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते, त्यामुळे पेडल खाली जात नाही. पाण्यातून गेल्यावर ती लवकर कोरडी होते, जे आपल्याकडच्या पावसाळ्यात महत्त्वाचे आहे. याच गुणांच्या जोरावर जग्वारने १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्यानंतर डिस्क ब्रेक हळूहळू घरगुती गाड्यांत आले. तुमच्या गाडीच्या घराण्यातही ते आले होते: इटलीत १९६६ साली निघालेल्या फियाट ११०० आर या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक होते. आपल्याकडे मात्र आधीच्या ११०० डीचेच रूप पुढे पद्मिनी म्हणून चालू राहिले. म्हणून घाटातल्या रहिवाशाने या गाडीला पुढे डिस्क बसवणे म्हणजे तिच्या मूळ स्वरूपाशी द्रोह आहे, असे मी मानत नाही.

डिस्कला मदत का लागते ते समजून घ्या, म्हणजे बूस्टरचा हट्ट कशासाठी ते कळेल. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि स्वतःच अधिक घट्ट बसतो, म्हणजे ड्रम आपल्या पायाला थोडी मदत करतो. डिस्कच्या पॅडला अशी मदत नसते, तिथे जेवढा दाब द्याल तेवढेच काम होते; म्हणून दाब वाढवायला बूस्टर. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. डायफ्रामच्या एका बाजूला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, या फरकातून २०० मिलिमीटर व्यासाचे साधे डायफ्राम सुमारे १९० किलोंचा जोर देते. पण त्यासाठी व्हॅक्यूम चांगला पाहिजे. मेकॅनिकांना गेज लावून तो मोजायला सांगा. साताऱ्याच्या उंचीवर आयडलिंगला काटा पाऱ्याच्या ४०० मिलिमीटरच्या वर स्थिर राहिला तर तुमचे १०८९ सीसीचे इंजिन बूस्टर पोसू शकेल. काटा थरथरत असेल किंवा खूप खाली असेल तर आधी व्हॉल्व्हचे काम पाहावे लागेल. पाचगणीला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी असतो, त्यामुळे तिथे बूस्टरची मदतही घटते, हे हिशेबात असू द्या. आणि इंजिन बंद केले की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते आणि ड्रमची ती आपसूक मदतही आता पुढच्या चाकांत राहिलेली नसते. उतारावर इंजिन बंद करण्याची सवय मोडा असे वर म्हटले ते यासाठी. उलट, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो.

आता ज्याचा उल्लेख तुमच्या मेकॅनिकांच्या प्रस्तावात नाही आणि जे मला डिस्कपेक्षाही जास्त महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. चार चाकांपैकी कुठेही एक नळी फुटली किंवा एक सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो आणि हातात केवळ हँडब्रेक उरतो. अमेरिकेत १९६८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला दोन स्वतंत्र सर्किटे सक्तीची झाली ती याच कारणाने. पुढची चाके एका सर्किटवर आणि मागची दुसऱ्यावर असा टँडम मास्टर सिलिंडर असला, तर एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. बूस्टर पायाचा जोर वाढवतो, पण फुटलेल्या पाइपमधून वाहून जाणारे ऑइल तो थांबवू शकत नाही. म्हणून बूस्टर असलेले पण एकाच सर्किटचे डिस्क ब्रेक मी घाटातल्या गाडीला सुचवणार नाही. पैसे दोन्हींना पुरत नसतील, तर दुरुस्त ड्रम आणि टँडम मास्टर सिलिंडर एवढेच करा. डिस्क पुढच्या वर्षी येऊ देत.

दोन्ही करायचे ठरले, तर मेकॅनिकांशी बसून काही गोष्टी कामापूर्वी नक्की करा. त्यांतली सर्वांत गंभीर म्हणजे कॅलिपर धरणारा ब्रॅकेट. भरलेल्या गाडीला जोरात ब्रेक लावला की प्रत्येक पुढच्या कॅलिपरवर सहाशे-सातशे किलोंचा जोर येतो आणि तो सगळा त्या ब्रॅकेटमधून स्टब ॲक्सलला, म्हणजे पुढचे चाक ज्यावर फिरते त्या दांड्याला, जातो. गॅस कटरने कापलेली पट्टी वेल्डिंग करून लावणार असतील तर तिथेच थांबा. स्टब ॲक्सलला वेल्डिंग कधीही होऊ देऊ नका; उष्णतेने त्या धातूची ताकद जाते आणि तडा आतून सुरू होतो. ब्रॅकेट मिलिंग मशिनवर बनवलेला, पुरेशा जाडीचा आणि ड्रमची बॅकप्लेट ज्या मूळ बोल्टांवर बसते त्याच बोल्टांवर बसणारा हवा. हबला नवी भोके पाडून दुसऱ्या गाडीची चाके बसवणेही टाळा. तुमच्या १४ इंची रिममध्ये कॅलिपर कुठेही न घासता फिरतो का, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहा.

जुना मास्टर सिलिंडर डिस्कला चालत नाही, याची दोन कारणे आहेत. कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्यामुळे त्यांना ऑइल जास्त लागते. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर लावला तर त्याच दाबणीत एक तृतीयांश ऑइल जास्त जाते, पण त्याच पायाच्या जोराला दाब मात्र चतुर्थांशाने घटतो, म्हणून व्यास, पेडलची लिव्हर आणि बूस्टर हे तिन्ही एकमेकांना पाहूनच निवडावे लागतात. दुसरे म्हणजे, ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो दाब ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा सहज पेलतात, पण डिस्कला परत ओढणारी स्प्रिंग नसते. मग पॅड सतत घासत राहतात, आणि वाईपर्यंत पोहोचण्याआधीच चाकातून धूर निघेल.

मागे ड्रमच राहू देत. हँडब्रेक त्यातच आहे, आणि जोरात ब्रेक लावल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर असलेल्या या गाडीचा सुमारे दीडशे किलो भार मागून पुढे सरकत असल्याने मागच्या चाकांना फारसे काम उरतही नाही. धोका उलटा आहे: बूस्टरमुळे मागेही दाब वाढतो आणि मागची चाके आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेते. यासाठी मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तो मोकळ्या, ओल्या मैदानावर ताशी ३० किलोमीटर वेगाने असा लावून घ्या की आधी नेहमी पुढची चाके लॉक व्हावीत.

काम पूर्ण झाल्यावर एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: कॅलिपरचा हवा काढायचा निपल सर्वांत वर आहे का. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, वर अडकलेली हवा कधीच निघत नाही, आणि पेडल स्पंजासारखे का लागते म्हणून मंडळी मास्टर सिलिंडर बदलत बसतात. बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, नंतर दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकले पाहिजे. नवे पॅड बसण्यासाठी सपाट रस्त्यावर मध्यम वेगावरून वीस-पंचवीस वेळा हलके ब्रेक लावा, मध्ये चाके निवू द्या, मग पुन्हा कुठे गळती आहे का ते पाहा. हे सगळे होऊन शे-दोनशे किलोमीटर सपाटीवर गाडी चालल्यावरच पसरणी घाट, आणि तोही पहिल्यांदा एकट्याने.

आरटीओबद्दल: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ब्रेकचा प्रकार त्या प्रमाणपत्रात नसतो, पण दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ब्रेकची तपासणी होते, म्हणून भागांची आणि कामाची बिले फाइलला लावून ठेवा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घ्या. तुमची गाडी पन्नास वर्षांपुढची असल्याने २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा लागतो. मात्र तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. महिन्याला पाचगणीला जाणाऱ्या कुटुंबाला ती नोंदणी सोयीची नाही. तरी पुढे कधी विचार बदलला तर अडचण नको, म्हणून काढलेले ड्रम, बॅकप्लेटा, शू आणि मास्टर सिलिंडर भंगारात न देता तेल लावून, चिठ्ठ्या बांधून घरी ठेवा, आणि कोणत्याही मूळ भागाला कायमचे भोक न पाडता सगळे बोल्टांवर परत बसवता येईल असेच काम करून घ्या.